एकशेबारा नंबरचा बिल्ला

एकदा एका वृद्ध जलशास्त्रज्ञांच्या शिष्येने त्यांच्याच तीस वर्षांच्या पुराच्या नोंदी निकामी ठरवल्या, आणि तसे लिहिलेला कागद सकाळी सकाळी त्यांच्यापुढे सहीसाठी ठेवला.

नदीची पूररेषा ठरवायची होती आणि अहवाल त्याच संध्याकाळी जायचा होता. त्यासाठी तिने संगणकावर दोन लायब्रऱ्या, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार प्रोग्रॅमचे दोन संच, एकत्र जोडले होते. पहिली गुरुजींच्या नोंदींची फाइल उघडत असे, दुसरी त्यावरून पुराची उंची काढत असे. एकेकट्या चालवल्या तर दोघी अगदी शहाण्यासारख्या वागत. एकत्र आणल्या की पडद्यावर ठरलेला शेरा, ‘अवैध वस्तू’. तीन दिवस डोके फोडून ती रडकुंडीला आली होती.

“गुरुजी, फाइलच बिघडली आहे. तुमच्या नोंदी वगळून रेषा काढते.”

त्या नोंदी वगळल्या तर रेषा बरीच खाली येणार होती, आणि नदीकाठच्या वस्तीला तिथेच नवी घरे बांधायची परवानगी मिळणार होती. गुरुजींनी सही केली नाही.

“आधी देवळात जाऊन येऊ,” ते म्हणाले.

ती मनातून चरफडली. म्हातारपणी माणसाला वेळकाळ कळत नाही हेच खरे!

देवळाबाहेर चपला सांभाळणारे दोन भाऊ बसत. बापाचे एकच दुकान वाटणीत दोन झाले होते. तसेच खण, तसेच पितळी बिल्ले. गुरुजींनी आपल्या आणि शिष्येच्या चपला थोरल्याकडे ठेवून त्याचा बिल्ला घेतला. दर्शन घेऊन परतताना मात्र बिल्ला त्यांनी धाकट्यापुढे धरला.

धाकट्याने तो उलटसुलट करून पाहिला. “एकशेबारा? अहो, माझ्याकडं खणच शंभर! खोटा बिल्ला घेऊन आलात? या वयात चपला चोरता, लाज नाही वाटत?”

लोक थांबून बघू लागले. शिष्येच्या पायाखालची जमीनच सरकली. ज्यांच्यापुढे ती कधी आवाज चढवून बोलली नव्हती, त्यांना भर रस्त्यात कुणी चोर म्हणत होते!

“तोंड सांभाळून बोला!” ती ओरडली. “बिल्ला खरा आहे. चपलाही जागेवर आहेत. तुमच्या भावाला विचारा की!”

बोलता बोलता तिला आपलेच सकाळचे शब्द आठवले.

“चुकलं दादा, बिल्ला तुमच्या भावाचा,” गुरुजी नम्रपणे म्हणाले आणि तिला बाजूला घेऊन गेले. “पोरी, त्याने आपल्या खणांत पाहिलं, एकशेबारा सापडला नाही, म्हणून खोटा म्हणाला. तुझ्या लायब्रऱ्यांचंही तेच आहे. फाइल सांभाळणारा मूळ संच एकच, पण प्रत्येकीने त्याची आपली वेगळी प्रत बाळगली आहे. पहिली फाइल उघडून तुला एक क्रमांक देते, आणि तो तू दुसरीपुढे धरतेस, जिच्या यादीत तो नाहीच. बिल्ला नको नेऊस. चपला सोडवून घे आणि चपलाच तिच्या हातात दे.”

“मग सकाळीच का नाही सांगितलंत?”

“सकाळी तुझी खात्री पटलेली होती. तेव्हा माणसाला ऐकू येत नाही.”

परत येऊन तिने पहिल्या लायब्ररीकडून सारे आकडे वाचून घेतले आणि नुसते आकडे दुसरीला दिले. शेरा आला नाही. नकाशावरची लाल रेषा मात्र वर चढत गेली आणि वस्तीच्या पलीकडे जाऊन थांबली. आखलेली सत्तावीस नवी घरे रेषेच्या आत, पुराच्या पट्ट्यात. तिने पुन्हा मोजली. सत्तावीसच. सकाळचा कागद टेबलावर तसाच पडला होता.

“गुरुजी, तो तुम्हाला चोर म्हणाला तेव्हा मला सहन झालं नाही,” ती कशीबशी म्हणाली. “आणि सकाळी मी तुमच्या तीस वर्षांना खोटं म्हटलं.”

“त्याने निदान बिल्ला हातात घेऊन पाहिला होता,” गुरुजी म्हणाले, आणि नव्या अहवालावर सही करण्यासाठी त्यांनी पेन मागितले.

तिने पेन दिले आणि सकाळचा कागद फाडला.