गवत कोंबलेल्या घंटा

प्रतिष्ठान नगरीत सुतेज नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने शूर्पारक बंदरातल्या एका मीठविक्याच्या घरी जन्म घेतला. वयात आल्यावर तो तांड्याचा म्होरक्या झाला. दर हिवाळ्यात शंभर बैलांवर मिठाच्या गोण्या लादायच्या, घाट चढायचा आणि प्रतिष्ठानच्या जत्रेत मीठ विकायचं, असा त्याचा क्रम होता.

त्याच बंदरात कुंडक नावाचा दुसरा मीठविक्या होता. माणूस वाईट नव्हता हो, पण घाई त्याच्या पाचवीलाच पुजलेली. जत्रेत जो आधी पोचेल त्याच्या मिठाला भाव, एवढं एकच तो जाणत होता.

एका वर्षी दोन्ही तांडे घाटाच्या पायथ्याशी एकाच माळावर उतरले. कुंडकाबरोबर त्याची म्हातारी आई सामा होती. प्रतिष्ठानात दिलेली तिची लेक नुकतीच बाळंत झाली होती, आणि नातीला पहिलं न्हाऊ आपणच घालायचं असा म्हातारीचा हट्ट होता. ती तांड्याच्या शेपटाला, एका गरीब बैलावर बसून यायची.

आता घाटातली सकाळ म्हणजे काय, तर धुकं! स्वतःचा हात दिसायचा नाही. म्हणून दर दहाव्या बैलाच्या गळ्यात घंटा बांधायची आणि मागच्यांनी तिच्या आवाजावर चालायचं, ही तांड्याची रीत. कुंडकाने डोकं लढवलं. बोधिसत्त्वाला चाहूल लागू नये म्हणून त्याने उजाडता उजाडता सगळ्या घंटांत गवत कोंबलं आणि तांडा हाकला. काय ही अक्कल! शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून केलं, आणि आपल्याच माणसांना काही ऐकू येईना.

मागून निघालेला बोधिसत्त्व अर्धा घाट चढला, तेव्हा डावी-उजवीकडच्या घळींतून हाका येऊ लागल्या. काय झालं ते त्याने ओळखलं. त्याने बैल थांबवले आणि घंटा वाजवायला सांगितलं.

त्याचे गडी कुरकुरले, “दादा, ह्या ओल्या हवेत मीठ पाझरायला लागलंय. थांबलो तर जत्रेत काय खारं पाणी विकायचं?”

बोधिसत्त्व हसला. “खारं पाणी तर खारं पाणी. वाजवा.”

गोण्या ठिबकत राहिल्या, घंटा वाजत राहिल्या. एकेक करून कुंडकाची माणसं आणि बैल धुक्यातून बाहेर आले. तेवढ्यात कुंडकही वरून धावत आला. घाटमाथ्यावर पोचून मागे वळून बघतो, तर सोबत फक्त सहा बैल!

“आई कुठंय?” त्याने विचारलं.

सामा कोणालाच दिसली नव्हती. कुंडक मटकन खाली बसला. “दादा, तुम्हाला फसवायला घंटांत गवत मीच कोंबलं. आणि तिला तर ऐकूही कमी येतं हो! खाली कडा आहे...”

बोधिसत्त्व म्हणाला, “रडायचं नंतर. तिला नाही ऐकू आलं तरी तिच्या बैलाला येईल. पण तो माझ्या घंटा ओळखत नाही, तुझ्याच ओळखतो. ऊठ, गवत काढ.”

कुंडकाने गवत उपसलं आणि तो घंटा वाजवत सुटला. हात भरून आले तरी थांबेना. अखेर कारवीची झुडपं हलली. बैल हळूहळू वर आला, आणि त्याच्या पाठीवर सामा!

“मेल्या, सकाळपासून हाका मारतेय!” म्हातारी कडाडली. “तांडा हाकतोस की चोरी करतोस?”

कुंडकाने तिचे पाय धरले. तो हमसून हमसून रडत होता आणि सगळे हसत होते. मग सामाची नजर ठिबकणाऱ्या गोण्यांकडे गेली.

“अगं बाई! ह्याचं मीठ आपल्यापायी गेलं. कुंडका, तुझ्यातलं अर्धं ह्याला दे.”

“देतो आई, देतो,” कुंडक म्हणाला.

“राहू दे, आई,” बोधिसत्त्व म्हणाला. “समुद्र काही आटला नाही अजून. आधी तुमची नात बघायला चला.”

ही कथा भिक्षूंना सांगून त्यांच्या गुरूंनी, शास्त्यांनी, समोरच्या एका तरुण भिक्षूकडे पाहिलं. थकलेल्या सोबत्याला वाटेत सोडून तो कालच एकटा पुढे आला होता.

“भिक्षूंनो, तो कुंडक म्हणजे हा उत्तरक. सामा म्हणजे आज आपल्याला पेज वाढणारी उपासिका खेमिका. आणि तांड्याचा म्होरक्या मी होतो. मागे राहिलेल्यासाठी थांबणं, हीच मैत्री.”

उत्तरक उठला, त्याने पाण्याचं भांडं भरून घेतलं आणि तो सोबत्याला आणायला आल्या वाटेने परत निघाला.