कणसापूरचं जातं

एक होतं कणसापूर. तिथं होतं एक जातं. केवढं? तर देवळाएवढं! पसाभर दाणे घातले की गाडीभर पीठ पडायचं. पण एक अट होती बरं का. सगळ्या गावानं मिळून ओढलं, तरच ते फिरायचं. पिठाच्या गाड्या दूर देशी जायच्या, येताना मीठ, गूळ, कापड आणायच्या. कुणाला काही कमी नव्हतं.

पण एके वर्षी काय झालं, जातं फिरेचना! डोंगरापलीकडच्या राजानं निरोप धाडला, "दिवाळीपर्यंत फिरलं नाही, तर जातं आम्ही नेणार. तुमच्या हातांत आता जोर कुठाय?"

कणसापूरच्या राजाच्या हे जिव्हारी लागलं. मग त्यानं सागवानी खुंटा बसवला. जातं हललं नाही. मग पाथरवटाकडून टाकी लावून दगड खरबरीत करून घेतला. हललं नाही. मग दवंडी पिटली, "आळस करील त्याला फटके!" लोक रडत रडत ओढू लागले. तरी हललं नाही.

मग राणी हेमवती म्हणाली, "सरका, मी बसते." दोघी दळतात तेव्हा खुंट्यावर हाताला हात लागतो की नाही? राणीसमोर होती गावातली कौतिका. तिच्या हाताला हात लागला, आणि राणीनं तो चटकन मागे घेतला.

"अगं, हात आहे का निखारा?"

"सगळ्यांनाच ताप आहे, राणीसाहेब. कुणी कुणाला सांगावं?"

"पाणी कुठलं पिता?"

"म्हशी डुंबतात, त्याच तळ्याचं."

राणी राजाकडे वळली. "दगडाला टाकी लावलीत. माणसांच्या कपाळाला हात नाही लावलात!"

राजानं मान खाली घातली. मग पहिली कुदळ त्यानंच मारली. कठड्याची विहीर झाली. घरोघर वैद्य फिरले. राजाच्या कोठारातली नाचणी निघाली, आजाऱ्यांना ऊन ऊन पेज मिळाली. हळूहळू ताप उतरले, गालांवर तजेला आला.

दिवाळीच्या पहाटे पलीकडचा राजा बैल घेऊन हजर! कौतिकेनं पदर खोचला, खुंट्याला हात घातला. मग सगळ्यांनी घातला. घर्रर्र... घर्रर्र... पीठ असं उडालं, की त्या राजाच्या मिशा पांढऱ्या!

"विकता का हे जातं?" तो म्हणाला.

कौतिका ताठ मानेनं म्हणाली, "न्या की महाराज. पण आधी तुमच्या लोकांचं पाणी बघा. नाहीतर नुसता धोंडा न्याल."

राजा हसला, बैल वळवले, आणि घरी जाऊन विहिरी खणू लागला. मग काय, डोंगराच्या दोन्ही बाजूंना चुली पेटल्या, सगळे पोटभर जेवले.

आण बघू तुझं कपाळ. गार आहे हो. मीट आता डोळे.