ओळंब्याची शंका

अवजारं बोलायची, आणि म्हातारी अवजारं जरा जास्तच बोलायची, तेव्हाची गोष्ट.

भिंत सरळ उभी आहे का ते दाखवणारा गवंड्याचा ओळंबा दोरीला लटकून स्वतःला विचारायचा, "मी कोण?" आणि लगेच दचकायचा, "बरोबर विचारलं ना?" की लागला झुलायला.

गवंडी वैतागला, "आज स्थिर झाला नाहीस तर भंगारात!"

"उजवीकडे कल," काटकोन तपासणारा गंजका गुण्या म्हणाला.

"श्वास धर," झिजलेली थापी म्हणाली.

ओळंबा आणखीच झुलला. शेवटी चिडून म्हणाला, "गुण्याकाका, तुम्हाला कधी 'मी कोण?'चं उत्तर मिळालं?"

"वयाचा मान ठेव!"

"म्हणजे नाही. मग शिकवता कशाला?"

ओळंब्याने "मी कोण?" तेवढं ठेवलं, "बरोबर ना?" सोडून दिलं. त्याच्याच वजनाने झोका लहान होत थांबला.

"पद्धत चुकली!" गुण्या ओरडला.

गवंड्याने एक डोळा मिटून दोरी पाहिली आणि वीट ठेवली.