कस्तुरी माखलेला राजा

फार पूर्वी हिमवंताच्या पायथ्याशी, कुमुदवती नगरीत महीसेन राजाचा अंमल असताना, बोधिसत्त्व त्याच्या शिकारी कुत्र्यांत पिंगल नावाने जन्मला होता. पिंगल धावून घरी येई, पाणी पिई, अंग झाडी. मग त्याची सावली धापा टाकत पोचे. असे तिथले लोक सांगत, आणि ते कमीच सांगत.

राजाला कस्तुरीमृगाच्या शिकारीचा भारी नाद. म्हणून श्वानपाल रोहक पिलांना मांस देई ते कस्तुरी चोळलेल्या चिंधीत बांधूनच. चिंधी फाडावी तेव्हा पोट भरावे. मोठेपणी तो वास येईल तिकडे ती सुसाट सुटत.

एकदा दमून पडलेल्या हरणापाशी पिंगल नुसता उभा राहिला आणि परत फिरला. राजाने त्याला लाथ घातली, टोळीचे पुढारपण काढून घेतले आणि दोरी बांधून मागे चालवण्याची आज्ञा केली.

दुसऱ्याच दिवशी शिकारीला परदेशी पाहुणे आले. त्यांच्यावर छाप पडावी म्हणून राजाने उपरण्याला कस्तुरी माखली. रोहकाला वास आला आणि त्याचा चेहरा उतरला.

"महाराज, आज घोड्यावरून उतरू नये."

"तू कुत्री सांभाळ, रोहका. राजाने काय माखावे हे आता कुत्री ठरवणार का?"

रानात राजा पाणी प्यायला ओढ्यावर उतरला, वारा फिरला आणि कस्तुरीच्या वासाने टोळी त्याच्यावरच सुटली. घोडा शहाणा, तो आधी पळाला. मागोमाग राजा धावला. मुकुट करवंदीच्या जाळीत राहिला, जोडे चिखलात. त्याने कुत्र्यांना नावानिशी दटावले. पण पुढारी नसलेली टोळी फक्त वास ओळखत होती. राजाला आपलाच श्वास फाटक्या भात्यासारखा ऐकू येऊ लागला. शेवटी पाय गेले आणि तो कोसळला.

रोहकाने पिंगलाची दोरी सोडली. "जा बाबा. लाथ मनात ठेवू नकोस."

पिंगलाने टोळीला मागे टाकले, राजाच्या खांद्यावरचे उपरणे दातांत धरले आणि नदीची वाट धरली. टोळी आता त्याच्या मागे लागली. कुत्र्यांनी त्याच्या मांड्या फोडल्या, तरी उपरणे सुटले नाही. भर प्रवाहात त्याने ते सोडून दिले. वास वाहून गेला, आणि कुत्री काठावर बावचळून उभी राहिली.

रक्ताळलेला पिंगल राजाजवळ येऊन बसला.

राजा म्हणाला, "काल मी तुला लाथ घातली. तरी धावलास?"

"लाथ आठवायला सवड कुठे होती, महाराज? तुमची धाप ऐकू आली. काल त्या हरणाची ऐकली होती, अगदी तशीच."

राजा उठून उभा राहिला. मग त्याने पिंगलाला खांद्यावर घेतले आणि तो अनवाणी नगरात आला.

रानातून आधीच परतलेल्या पाहुण्यांनी विचारले, "शिकार कुठे आहे?"

"ती मीच होतो," राजा म्हणाला. "आता पुरे झाली." त्यानंतर कुमुदवतीत शिकारीचे शिंग वाजले नाही.

एवढी कथा सांगून भगवान शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, भाला टाकून काल संघात आलेला हा नवा भिक्षू, तोच तेव्हाचा महीसेन. रोहक म्हणजे हा माझा शिष्य आनंद. आणि पिंगल मीच होतो. ज्याने लाथ घातली त्याच्याही धापेकडे कान देणे, ही करुणा."