मुळं फोडणारे तीन थेंब

येसू आणि तिची आई एका मोगऱ्यावर जगत होत्या. पांढरीशुभ्र, इवली इवली फुलं आई ओवायची आणि येसू देवळापाशी गजरे विकायची. एके सकाळी शेजारच्या धोंडिरामला कुंपण घालायचं होतं. मोगरा आड येतो म्हणून त्यानं न विचारता तो उपटला आणि चुलीत घातला!

येसूचे कान लाललाल झाले. आवारात पडलेल्या मोगऱ्याच्या सहा काड्या तिनं उचलल्या, मातीत रोवल्या आणि लवकर वाढाव्यात म्हणून वर टोपलीभर खत ओतलं. चार दिवसांत तीन काड्या काळ्या पडून कुजल्या.

"मरा मग सगळ्या!" येसूनं पाय आपटला.

"कोण म्हणालं मरा?" मातीतून हिरवी ठिणगी उडाली. बोटभर परी! पंख पोपटी, डोळे निखाऱ्यासारखे. तीही रागानं थरथरत होती. "अगं वेडाबाई, काडीला अजून मूळ नाही, म्हणजे तोंडच नाही. तोंड फुटायच्या आधी ताट कशाला वाढलंस?"

"आणि तो धोंडिराम? त्याला कोण रागावणार?"

"एक इच्छा माग. म्हणशील तर त्याची बाग आत्ता वाळवते."

'हो' अगदी ओठांवर आलं. पण कुंपणापलीकडे त्याची छोटुकली जास्वंद डुलत होती.

"नको," येसू दात आवळून म्हणाली. "झाडांनी काय केलंय? माझ्या तीन काड्या जगव."

परीचे डोळे निवले. तिनं उरलेल्या काड्यांच्या कोवळ्या पालवीवरून तीन सोनेरी थेंब टिपले. "हा मुळं फोडणारा रस. पालवीत बनतो, काडीतून खाली उतरतो. खालच्या टोकाला एकेकच थेंब लाव; जास्त झाला तर काडी जळेल. पालवी खुडू नकोस. आणि मुळं फुटेपर्यंत खत नाही, फक्त ओल!"

येसूनं थेंब लावले, पण वाढ दिसेना म्हणून ती रोज चिडायची. खताची टोपली उचलायची, पुन्हा दाणकन खाली ठेवायची. महिन्यानं तिनं माती हळूच सारली. रेशमासारखी पांढरी मुळं!

"आता वाढ ताट, पण मूठभरच," परी म्हणाली.

दोन रोपं येसूनं अंगणात लावली. तिसरं गावच्या विहिरीपाशी, सगळ्यांसाठी. ते फुललं तेव्हा परडी घेऊन पहिला आला तो धोंडिराम! येसू कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पूजेपुरती फुलं घ्या, काका. पण फांदीला हात लावलात तर बघा!"

धोंडिरामनं मान खाली घातली आणि पाचच फुलं खुडली.

पानाआडून परी खुदकन हसली आणि सोनेरी उजेडात विरून गेली.