पट्टेरी शिंगाळ्यांची कपार

पूर्वी पश्चिम समुद्रकाठी शूर्पारक नगरात जयदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या खडकांत पट्टेरी शिंगाळा मासा होऊन जन्मला. मासा बोटाएवढा, पण पाठीवर अन् कल्ल्यांशी विषारी काटे. एक टोचला की धट्टाकट्टा कोळीही 'आई गं' म्हणून खाली बसे! या माशांचा थवा रात्री चरायला जाई आणि दिवसा कपारीत दाटीवाटीने दडून राही. कारण बाहेर हेकरू नावाचा मोठ्या तोंडाचा मासा टपलेला असे.

एकदा ओहोटीला उप्पला नावाची कोळीण कालवे काढायला आली. तिने कपारीत हात घातला आणि मनगटातले तांब्याचे कडे दगडात अडकले. ओढून ओढून कातडी सोलली, हात काही निघेना. तेवढ्यात भरती लागली. पाणी कमरेला आले, मग छातीला.

"घरी तान्हं पोर आहे गं बाई माझं!" ती रडू लागली.

बोधिसत्त्व म्हणाला, "बाई, ओढू नकोस. हात आणखी आत घाल, म्हणजे कडे वळेल आणि सुटेल."

तिने वाकून पाहिले. "आत? तुमच्या काट्यांत? नको रे बाबा!"

थव्यातला कंटक उसळला. "घालू दे की! असा टोचतो, की पुन्हा इकडे फिरकायची नाही. मोठी आली आमचं घर उकरायला!"

"ती बेशुद्ध पडेल, कंटका, आणि बुडेल."

"मग काटे मिटून बसू."

"भ्यालो की काटे आपोआप उभे राहतात. आपण बाहेर पडू."

"भर दिवसा? हेकरूच्या तोंडात?"

"पुढे मी राहीन," बोधिसत्त्व म्हणाला.

शिंगाळ्यांची रीत अशी, की थव्याच्या पुढे कुणी फार वेळ राहत नाही. मागचे पुढे येतात, पुढचे मागे सरतात. त्या दिवशी बोधिसत्त्व मागे सरलाच नाही. उप्पलेने डोळे मिटून रिकाम्या कपारीत कोपरापर्यंत हात घातला, मनगट वळवले आणि ती सुटली. इकडे हेकरूने पुढे असलेल्या बोधिसत्त्वावरच झडप घातली. त्याला गिळताना घशात काटा रुतला, तसा तो तडफडत दूर पळाला. बाकीचे सारे सुखरूप परतले.

ही पूर्वजन्मीची कथा एवढी सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भद्रक नावाच्या तापट भिक्षूकडे वळले. "तो कंटक तू होतास, भद्रका. पुढे राहिलेला मासा मी. आणि काल उन्हातून आलेल्या ज्या म्हातारीला तू विहाराच्या पडवीतून हाकललेस, ती उप्पला. जो आपल्याला भितो, त्याची भीती आपण घालवावी. यालाच अभयदान म्हणतात."

भद्रक तसाच उठला आणि भर उन्हात तिला शोधायला निघाला.