सर्वेशचे मार्क

"गणितवाल्याला पाली कशाला, भंते? तुम्हीच सांगा."

भदंत शीलरत्नांनी हातातली पोथी मिटली. कॉलेजच्या मागे विहार होता, तिथे ते पाली शिकवत. समोर क्षितिज वानखडे बसला होता. बीएस्सीचं दुसरं वर्ष, गणितात भलता हुशार. तसं त्याला कोणी सांगायची गरजही नव्हती.

हातात विषय बदलायचा अर्ज. कॉलेजचा नियमच तसा होता : प्रत्येकाने आपल्या शाखेबाहेरचा एक विषय घ्यायचा, आणि त्याचे मार्कही निकालात धरायचे. क्षितिजने फॉर्म उशिरा भरला, तेव्हा फक्त पालीत जागा उरली होती. वर्गातल्या सर्वेश डहाकेने मात्र आधीच फोटोग्राफी उचलली होती.

पहिल्या सत्राचा निकाल लागला. तीन मार्कांनी सर्वेश पहिला. वर्षअखेरीला जो पहिला राहील, त्याला गणिताच्या उन्हाळी शिबिरासाठी बंगळुरूला पाठवणार होते. जागा एकच.

अर्जावर भंतेंची सही हवी होती. मुदत आज चारपर्यंत.

क्षितिज बोलतच सुटला. सर्वेशला साधं गणित सुटत नाही, म्हणाला. परीक्षेच्या आधी माझीच वही मागून नेतो, आणि फुलांचे फोटो काढून पहिला येतो. काल सगळ्या वर्गाला पेढे वाटले त्याने. मलाही दिला.

"खाल्लास?"

"घशाखाली उतरला नाही, भंते. त्याचं तोंड दिसलं तरी माझा जळफळाट होतो."

भंतेंनी पेन काढलं.

"सही करतो. आधी गेल्या आठवड्यातल्या गाथा म्हण. चारच होत्या."

क्षितिजने मांडी सावरली. पहिली ओळ आली. दुसरी निम्मी आली…

"राहत नाही डोक्यात," तो म्हणाला. "पाठांतर मला जमतच नाही."

"असू दे. सर्वेशला फोटोग्राफीत किती?"

"चौऱ्याण्णव."

"आणि बाकीच्यात?"

मग काय विचारता. बीजगणित ब्याऐंशी, कॅल्क्युलस एकोणऐंशी, फिजिक्स चौऱ्याहत्तर. प्रॅक्टिकलचे वेगळे, तोंडीचे वेगळे. मग पहिलं वर्ष, दोन्ही सत्रं. मग बारावी. दहावीला मराठीत किती होते, तेसुद्धा. गडी एकदाही अडखळला नाही.

भंते डोळे मिटून ऐकत होते. तो थांबल्यावर त्यांनी डोळे उघडले.

मग अर्ज ओढून घेतला, सही केली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

"पाली सुटली तुझी," ते म्हणाले. "आता सर्वेश सोडायचा झाला, तर सही कुणाची घेशील?"